"मग तू काय मालक आहेस का?" – वागळे इस्टेट आणि 'कामगार' या शब्दाची गोष्ट

आजचा भाग थोडा घरचा आहे. ट्रेनमध्ये असाल तर ठाण्याहून कल्याणला पोचेपर्यंत पुरेल एवढा. इतिहासाचाच भाग आहे, काळजी करू नका. फक्त सुरुवात १८८४ पासून नाही, २०२३ पासून करतो.

मार्च २०२३. वागळे इस्टेटमधली एक काचेची बिल्डिंग, सहावा मजला. कंपनीचं नाव घेणार नाही. सकाळी अकरा वाजता कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली. विषय होता, 'क्विक कॅचअप'. आत गेलो तर माझा मॅनेजर आणि एचआरची एक मुलगी, माझ्याच वयाची. टेबलावर टिश्यू पेपरचा बॉक्स आधीपासून ठेवलेला. तो बॉक्स बघितला आणि मला सगळं कळलं.

"तुम्ही स्वतःहून रिझाइन केलंत तर रेकॉर्ड क्लीन राहील. रिलीव्हिंग लेटर मिळेल, एक्सपीरियन्स लेटर मिळेल, एक महिन्याचा पगार मिळेल. नाहीतर आम्हाला टर्मिनेशन दाखवावं लागेल. पुढच्या कंपनीत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, तुम्हाला माहितीच आहे."

वीस मिनिटांत मी सही केली. लॅपटॉप दिला, आयडी कार्ड दिलं, खाली आलो. टपरीवर कटिंग घेतली आणि चालत घरी गेलो. आमचं घर किसननगरला. कंपनी आणि घर यांच्यात पंधरा मिनिटांचं अंतर. त्या दिवशी ते फारच कमी वाटलं, कारण घरी बाबा होते.

माझे बाबा टर्नर. वागळेतल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्यांनी बावीस वर्षं लेथ चालवला. ते चिडले नाहीत. पेपर खाली ठेवून त्यांनी विचारलं, "नोटीस किती दिवसांची दिली?"

"महिन्याचा पगार दिला."

"आणि वर्षाला पंधरा दिवस?"

"कसले पंधरा दिवस?"

"अरे, माणूस कमी केला की सर्व्हिसच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो."

मी म्हटलं, "बाबा, ते कामगारांना असतं. मी इंजिनियर आहे."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग तू काय मालक आहेस का?"

आणि परत पेपर उचलला. ते विसरले असतील. मी नाही विसरलो. पुढचे तीन महिने मी एकीकडे इंटरव्ह्यू देत होतो आणि दुसरीकडे या एका प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. कायद्याच्या नजरेत मी नक्की कोण?

आधी जागेबद्दल. तुमच्यापैकी बरेच जण वागळेत पासपोर्टसाठी आले असतील, नाहीतर आयटी पार्कमधल्या इंटरव्ह्यूसाठी. रिक्षावाल्याला रस्त्याचं नाव सांगता येत नाही, कारण रस्त्यांना नावंच नाहीत, नंबर आहेत. रोड नंबर सोळा, बावीस, अठ्ठावीस, तेहेतीस. कारखान्यांसाठी आखलेली वसाहत आहे ना, नावं ठेवायला वेळ कोणाला होता! महाराष्ट्राच्या एमआयडीसीचा जन्मच इथला. १ ऑगस्ट १९६२ ला महामंडळ अस्तित्वात आलं, आणि त्याचा छोटासा समारंभ मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली वागळे इस्टेटमध्येच झाला. म्हणजे चाकण, बुटीबोरी, वाळूज, रांजणगाव ही सगळी या घरातली धाकटी भावंडं.

कारखाने आले तशी कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून माणसं आली. किसननगर, अंबिकानगर, सावरकरनगर भरत गेली. कामगारांचं विम्याचं हॉस्पिटल आलं. आजही तिथल्या बसस्टॉपला लोक 'कामगार हॉस्पिटल' म्हणतात. ठाण्याचं पीएफ ऑफिसही वागळेतच. हक्कांच्या या सगळ्या इमारती माझ्या घराच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये, आणि मी साडेतीन वर्षं त्यांच्यासमोरून इअरफोन लावून जात होतो.

आता मागे जाऊ. पार मागे.

१८४८ साली याच ठाण्यात एक मुलगा जन्मला. नारायण मेघाजी लोखंडे. शिकला इथेच. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली आणि मग मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाला. स्टोअरकीपर म्हणजे बघा, साच्यावर उभा राहणारा माणूस नाही. टेबल, वही, पेन. आजच्या भाषेत व्हाइट कॉलर. पण गिरणीत काय चाललंय ते त्याला रोज दिसत होतं. पहाटे उजेड पडला की काम सुरू, अंधार पडला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम मोठं. आठवड्याची सुट्टी नाही. पगार कधी मिळेल ते मालकाच्या मर्जीवर.

कायदा अजिबात नव्हता असंही नाही. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा होता. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला लागू. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही. (हो, सात वर्षांचं मूल, नऊ तास. ही सुधारणा होती!) आणि मोठ्या माणसांच्या तासांना काहीच मर्यादा नाही.

लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेलं 'दीनबंधु' त्यांनी १८८० मध्ये मुंबईला आणलं आणि चालवलं. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या. विचार करा, व्हॉट्सअॅप ग्रुप नाही, गूगल फॉर्म नाही, सही करणाऱ्या कित्येकांना अक्षर येत नाही.

त्या अर्जातल्या मागण्या मी वाचल्या तेव्हा अंगावर काटा आला, कारण त्या आपल्या पॉलिसी डॉक्युमेंटसारख्या आहेत. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

आता यातलं काय कधी मिळालं बघा. रविवारसाठी सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली. दोन स्त्री कामगारही तिथे बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्यात, साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती दोन्ही आली. इजेची भरपाई? तिचा कायदा १९२३ ला. म्हणजे ३९ वर्षांनी. पगाराची तारीख? १९३६ चा वेतन कायदा, महिन्याच्या ७ किंवा १० तारखेच्या आत. म्हणजे ५२ वर्षांनी. आज एक तारखेला पगाराचा मेसेज नाही आला तर दुपारपर्यंत आपण ग्रुपवर मीम टाकतो. त्या मेसेजमागे बावन्न वर्षांची रांग आहे.

स्वतः लोखंडे यातलं फार काही बघू शकले नाहीत. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले. आणखी एक गंमत सांगतो. त्यांच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ला त्या काळच्या सरकारी अहवालाने युनियन मानायलाच नकार दिला होता. सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, लोखंडे नुसते हौसेने सल्ला देतात, असा शेरा. माझ्या भाषेत सांगायचं तर फ्रंटएंड होता, बॅकएंड नव्हता. तरी रविवार मिळाला.

तासांची गोष्ट पटकन. १९११ ला कापड गिरण्यांत पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. १९२२ ला आठवड्याला ६० तास. १९३४ ला ५४. आणि १९४६ ला ४८. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४२ ते १९४६ अशी चार वर्षं ते मजूर मंत्री होते. मग १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात हे ४८ तास पक्के झाले आणि ओव्हरटाइमला दुप्पट पगार. तर "आठवड्याला किती तास काम करावं" यावर कोणी मोठा माणूस पॉडकास्टवर आकडा टाकतो ना, तेव्हा हा ६०-५४-४८ चा जिना आठवा. प्रत्येक पायरीला दहाएक वर्षं लागली आहेत.

आता माझा मुद्दा, म्हणजे बाबांचा.

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. नोकरीवरून काढलं तर काय, भरपाई किती, दाद कुठे, हे सगळं वर्षानुवर्षं यातच होतं. पण त्याचं दार एका शब्दाच्या व्याख्येत आहे, 'वर्कमन'. म्हणजे कामगार. तुम्ही या व्याख्येत बसलात तर कायदा तुमचा. नाही बसलात तर तुमचं ऑफर लेटर आणि तुमचं नशीब. आम्ही कोडमध्ये एक अट टाकतो ना, ती खरी ठरली तरच पुढचं सगळं चालतं. अगदी तसं.

१९४७ च्या मूळ व्याख्येत काय होतं? कुशल किंवा अकुशल अंगमेहनतीचं काम, किंवा कारकुनी काम. बस. बाबा आत, मी बाहेर. माझ्या डोक्यात जे चित्र होतं ना कामगाराचं, निळा शर्ट, हाताला ग्रीस, ते या पहिल्या व्याख्येचं चित्र होतं.

पण १९५६ ला ही व्याख्या बदलली. त्यात दोन शब्द नवे आले. एक, देखरेखीचं काम, त्याला पगाराची मर्यादा. तेव्हा महिना ५०० रुपये, पुढे १६००, २०१० पासून १०,०००. देखरेख करणारा आणि पगार याच्या वर, तर तुम्ही बाहेर. आणि दुसरा शब्द, 'टेक्निकल'. तांत्रिक काम.

मी रात्री दीड वाजता हे मोबाइलवर वाचत होतो. परत वाचलं. तांत्रिक कामाला पगाराची मर्यादा आहे का? नाही. मर्यादा फक्त देखरेखवाल्यांना. बाहेर ठेवलेत ते मुख्यतः व्यवस्थापन आणि प्रशासन करणारे. मी काय करत होतो साडेतीन वर्षं? कोड लिहीत होतो, बग फिक्स करत होतो, रात्री सर्व्हर पडला तर उठून बघत होतो. कोणाची रजा मंजूर करत नव्हतो, कोणाला कामावर घेत नव्हतो, काढत नव्हतो. माझ्या हाताखाली एकही माणूस नव्हता. पण माझं पद होतं 'सीनियर असोसिएट'. आणि शेजारी बसणारा माझा मित्र तर 'असिस्टंट मॅनेजर' होता. तो काय मॅनेज करत होता? एक एक्सेल शीट.

मग पद बघायचं की काम? हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे. १९८५ चा सीबा-गायगीचा खटला. स्टेनो-कम-अकाउंटंट म्हणून लागलेला एक माणूस, पुढे बढती मिळून 'असिस्टंट' झालेला, नोकरीवरून कमी केलेला. कंपनीचं म्हणणं, हा कामगार नाही. कोर्टाने म्हटलं की पदाच्या नावाने ठरत नाही, त्याचं मुख्य काम काय ते बघा. जोडीला एखाददुसरं वरचं काम दिलं म्हणून माणसाची जात बदलत नाही. तो कामगार ठरला.

याच्या उलटंही होतं, ते पण ऐका, नाहीतर म्हणाल एकच बाजू सांगतो. १९९४ मध्ये करोना साहू या बुटांच्या कंपनीच्या दुकानप्रमुखाचा खटला आला. दुकानाचा सगळा कारभार त्याच्या हातात, बाकीचे कर्मचारी त्याच्या हाताखाली. तिथे कोर्टाने तो कामगार नाही असं ठरवलं. निकष तोच, फक्त काम वेगळं.

म्हणजे 'सॉफ्टवेअर इंजिनियर हा कामगारच' असं सरसकट कुठे लिहिलेलं नाही. प्रत्येकाचं रोजचं काम तपासलं जातं. पण 'इंजिनियर म्हणजे कामगार नाहीच' असंही कुठे लिहिलेलं नाही. आणि मी त्या खोलीत गेलो तेव्हा हे दुसरं वाक्य मला वेदवाक्य वाटत होतं. कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. आम्ही आपापसांत ठरवलं होतं.

आता बाबांचे 'वर्षाला पंधरा दिवस'. ते १९५३ च्या दुरुस्तीतून आले. कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शेवटचं वर्ष सहा महिन्यांच्या वर गेलं असेल तर तेही धरायचं. अट एक, सलग वर्षभराची सर्व्हिस. आणि वर्ष मोजताना बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं तरी चालतं.

हा २४० चा आकडा वागळेत शाळा सोडलेल्या हेल्परलाही पाठ असतो. का? कारण मालकालाही पाठ असतो! बाबा सांगतात, टेम्पररी पोरांना सात महिने झाले की 'ब्रेक' द्यायचे. महिनाभर घरी बस, मग परत ये, नवीन नावाने मस्टर. दिवस भरूच द्यायचे नाहीत. या प्रकारावर महाराष्ट्राने १९७१ चा एक वेगळाच कायदा केला, जो १९७५ ला लागू झाला. नाव लांबलचक आहे, कामगार त्याला 'पल्प' म्हणतात. माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा टेम्पररी ठेवून परमनंटचे फायदे नाकारणं ही त्यात अनुचित कामगार प्रथा ठरवली आहे. आकसाने कामावरून काढणंही त्यातच.

आणि आता त्या टिश्यूच्या बॉक्सकडे परत या. त्यांना माझा राजीनामाच का हवा होता? टर्मिनेशन लेटर द्यायला हात दुखत होता का? कायद्यात 'कपात' या शब्दाची व्याख्या फार मोठी आहे. शिक्षा म्हणून नसेल तर मालकाने कोणत्याही कारणाने नोकरी संपवली, ती बहुतेक वेळा कपातच. पण त्यातून जे मोजके अपवाद वगळले आहेत त्यात पहिला काय? कामगाराने स्वखुशीने नोकरी सोडणं. झालं! माझ्या सहीबरोबर ती घटना कायद्यासाठी घडलीच नाही. मला कोणी काढलं नाही, मी गेलो. जबरदस्तीने राजीनामा घेतला असं म्हणून भांडता येतं, पण सिद्ध मी करायचं, आणि माझ्याकडे काय होतं? 'क्विक कॅचअप'.

ढोबळ हिशोब केला. पगार अठ्ठावन्न हजार. सर्व्हिस तीन वर्षं सात महिने, म्हणजे चार धरायची. चार गुणिले पंधरा, साठ दिवस. दोन पगार. एक लाख सोळा हजार रुपये मी वीस मिनिटांत सोडून आलो, आणि वर "थँक यू" म्हणालो.

हे पैशाचं झालं. मला जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. आमच्या पिढीला हे माहीत का नाही?

मला वाटतं याचं उत्तर १९८२ मध्ये आहे. १८ जानेवारी १९८२. मुंबईच्या गिरण्यांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, पुढारी डॉ. दत्ता सामंत. घाटकोपरला दवाखाना चालवणारा डॉक्टर, खाणकामगारांपासून सुरुवात केलेला. संपावर बरेच सिनेमे-नाटकं झाली, त्यात मी जात नाही. कायद्याचा एकच धागा सांगतो. मुंबईत गिरण्यांना १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यात एका भागात एका उद्योगासाठी एकच अधिकृत प्रातिनिधिक युनियन. वाटाघाटी तिच्याशीच. ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार मात्र सामंतांच्या मागे. म्हणजे ज्याच्या मागे लोक त्याला खुर्ची नाही, आणि ज्याला खुर्ची त्याच्या मागे लोक नाहीत. संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर हजारो घरं.

ते वारं ठाण्यापर्यंत आलं. आमच्या चाळीत दोन घरं गिरणीवाल्यांची होती. आमच्या आई-बापांनी त्यातून काय धडा घेतला? युनियनच्या भानगडीत पडू नका. शिका, इंग्रजी बोला, ऑफिसात बसा. कामगार होऊ नका. प्रेमाने दिलेला सल्ला होता तो, आणि आम्ही तो तंतोतंत पाळला. पुढे वागळेतले कारखाने एकेक बंद झाले, त्याच प्लॉटवर काचेच्या बिल्डिंगी आल्या, आणि आम्ही त्यात एसीमध्ये बसून म्हणालो, आम्ही कामगार नाही. प्लॉट तोच, रोड नंबर तोच, पगार देणारा आणि घेणारा हे नातंही तेच. फक्त भोंगा गेला आणि टीम्सचा टिंग टिंग आवाज आला.

सगळे गप्प बसले असं मात्र नाही. २०१५ च्या सुरुवातीला चेन्नईत एका मोठ्या आयटी कंपनीतून काढलेली एक गरोदर इंजिनियर मद्रास हायकोर्टात गेली. म्हणाली, मी या कायद्याखाली कामगार आहे. कोर्टाने तिच्या टर्मिनेशनला अंतरिम स्थगिती दिली आणि कंपनीने पत्र मागे घेतलं. पुढच्या वर्षी तमिळनाडू सरकारने स्पष्ट केलं की आयटी कंपन्यांना या कायद्यातून सूट नाही आणि कर्मचारी युनियन करू शकतात. आपल्याकडे पुण्यातही आयटीवाल्यांच्या संघटना आता कामगार आयुक्तांकडे तक्रारी घेऊन जातात.

आता ताजं. मी सांगितलेला १९४७ चा कायदा आता इतिहास झाला. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या, २९ जुने कायदे त्यात गेले. पण त्या व्याख्येत 'टेक्निकल' हा शब्द तसाच आहे. देखरेखवाल्यांची मर्यादा १८,००० झाली. पंधरा दिवसांचा नियमही आहे. एक नवीन आणि कामाचं, नोकरी सुटली, काढलं असो किंवा राजीनामा असो, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. 'फुल अँड फायनल'साठी पंचेचाळीस दिवस थांबलेल्यांनी हे परत एकदा ऐका. दुसरीकडे, तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी आता सरकारची परवानगी लागत नाही, आधी ही मर्यादा शंभर होती. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने रोजचे तास दुकानं-ऑफिसांसाठी नवाचे दहा आणि कारखान्यांसाठी नवाचे बारा करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तसेच ठेवून, त्यावर ओव्हरटाइम. लोखंड्यांच्या जिन्यावरून खाली उतरतोय की बाजूच्या जिन्याने जातोय, तुम्ही ठरवा. मला तरी उतरतोय असं वाटतं.

मागच्या महिन्यात दुपारी फोन आला. तोच 'असिस्टंट मॅनेजर' मित्र, आता दुसऱ्या कंपनीत, पण वागळेतच. वॉशरूममधून हळू आवाजात बोलत होता. "अरे, कागद पुढे ठेवलाय. राजीनाम्याचा. काय करू?"

मी म्हटलं, सही करू नकोस. भांडू पण नकोस. सांग, मला विचार करायला वेळ हवा, जे म्हणताय ते मेलवर पाठवा. आणि बाहेर आल्यावर आत काय बोलणं झालं ते स्वतःच एचआरला मेल करून टाक, तारीख-वेळेसकट. ऑफर लेटर, सॅलरी स्लिपा, अप्रेझलचे मेल, रोज काय काम करतोस ते दिसेल असं जे काही तुझं स्वतःचं असेल ते जपून ठेव. कंपनीचा कोड-बिड घरी पाठवू नकोस, उलटा अडकशील.

त्याने सही केली नाही. एचआर म्हणाली, सोमवारपर्यंत वेळ घ्या. संध्याकाळी तो आमच्या घरी आला. मी लॅपटॉप उघडला, पण बाबांनी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि पेन्सिल घेतली.

"लागलास कधी?"

"जून एकोणीस."

"मधे ब्रेक?"

"ब्रेक म्हणजे, काका?"

बाबा हसले. "बरं. सहा वर्षं तर झाली. वरचे महिने सांग."